दोन चुका

"प्रोग्राम तूच लिहिलास ना?" कॉम्प्युटरच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी शर्वरीचं जर्नल उघडलं.

"हो मॅडम, मीच."

"चांगला जमलाय. फक्त दोन चुका राहिल्यात." त्यांनी जर्नल तिच्याकडे सरकवलं. "त्या शोध, दुरुस्त कर, की झालं. पूर्ण मार्क देते."

शर्वरीने जर्नल पुढ्यात ओढलं. दोन चुका आहेत, हे तिला मॅडमच्याही आधी माहीत होतं. एआयकडून प्रोग्राम लिहून घेताना तिनेच बजावलं होतं, 'मीच लिहिल्यासारखा वाटायला हवा. मुद्दाम दोन चुका ठेव.'

पानभर अक्षर तिचंच होतं, पण एकही ओळ ओळखीची वाटेना.

"सावकाश बघ," मॅडम मायेने म्हणाल्या. "तुझ्याच तर चुका आहेत."