बाहेरचा जिना

क्लाससाठी बाहेरगावची पोरं लातुरात एवढी आली, की आमच्या गल्लीत गोठ्यांच्यासुद्धा खोल्या झाल्या. बाहेरून वेगळा जिना असला, की भाडं दोन हजार जास्त. माझ्या वरच्या खोलीलाही तसा जिना आहे, पण त्याच्या दाराची किल्ली हरवली.

"कुलूप तोडून टाक की सिंधु! दर महिन्याला दोन हजार सोडून राहिलीस, येडी का काय?" शेजारची उज्वला म्हणते. मुलगाही पुण्याहून फोनवर तेवढंच सांगतो आणि फोन ठेवतो.

बिलोलीची दीपमाला कमी भाडं बघून राहायला आली. तिला माझ्या स्वयंपाकघरातून, आतल्या जिन्यानंच वर जावं लागतं. संध्याकाळी सातला ती क्लासहून येते आणि पाठीवरची बॅग न काढताच कढईत डोकावते.

"मावशी, आज काय केलाव?"

हे गेल्यापासून मला असं कुणी विचारलं नव्हतं.



किल्ली तांदळाच्या डब्यात, तळाशी आहे. तांदूळ खाली गेले, की मी लगेच वरून नवे ओतते.