पाण्याची गाठ

"सिस्ट म्हंजे काय, डॉक्टरसाहेब?" मायानं विचारलं.

डॉक्टरनं मान वर केली नाही. संमतीपत्रावर नागसेनची सही झाली होती, आणि नवऱ्याची सही झाली म्हणजे काम झालं, अशा सवयीनं तो पुढच्या पेशंटची फाईल ओढून बसला होता. उद्या सकाळी नऊला ऑपरेशन. मायाची गर्भाची पिशवी काढायची होती. माया एकोणतीस वर्षांची होती, आणि तिच्या सहीची जागा अजून कोरी होती.

"गाठ. पोटात गाठ आहे. सांगितलं ना मघाशी?"

गाठ म्हटलं की माणूस पुढचं ऐकत नाही. नागसेननंही ऐकलं नव्हतं. हिवरखेडहून अकोल्याला येईपर्यंत तो एसटीत खिडकीबाहेर बघत बसला होता, आणि इथे आल्यावर जिथं बोट दाखवलं तिथं त्यानं सही केली. भीत नव्हती ती फक्त त्याची आई. ललिताबाईची पिशवी याच दवाखान्यात काढली होती, म्हणून तर ती सुनेला धीर द्यायला सोबत आली होती.

"काई नाई होत वं माया," सुनेच्या हातावर थोपटत ती म्हणाली. "माही बी काढली ना. याईच्या वडलानंच काढली, मोठ्या डॉक्टरनं. एक डाव काढली का कटकट गेली."

"आई, थांबा जराशा." मायानं सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर पसरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. बारावीपर्यंतचं इंग्रजी तेवढ्याला पुरेसं होतं. "इथं सिंपल सिस्ट लिवलं हाय. डाव्या अंडाशयात, चार सेंटीमीटर. हे गाठ मासाची हाय का पान्याची?"

"मोबाईलवर काहीतरी वाचता आणि आमचं डोकं खाता."

"मोबाईल नाई, साहेब. हा तुमचाच कागद हाय. मासाची का पान्याची?"

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "पाण्याची. सिस्ट म्हणजे पाण्यानं भरलेला फुगा समज. झालं समाधान?"

"मंग थे राहते का जाते?"

"बहुतेक वेळा जाते. दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते. पण रिस्क कशाला घ्यायची? दोन लेकरं झालीत तुला. पिशवीचा आता उपयोग काय?"

"म्हंजे कॅन्सर नाई?" नागसेननं एकदम विचारलं.

"मी कॅन्सर म्हटलं का कुठं?"

खरंच म्हटलं नव्हतं. गाठ म्हटल्यावर म्हणायची गरजच नव्हती.

"अन् गाठ अंडाशयात हाय," माया म्हणाली, "तं पिशवी कावून काढता?"

डॉक्टरनं घड्याळाकडे पाहिलं. ललिताबाईचा थोपटणारा हात मात्र सुनेच्या हातावर थांबला होता.

"आपोआप जिरते?" तिनं विचारलं.

"बहुतेक जिरते, मावशी."

"माह्या टायमाले तुमचे वडील बी हेच म्हनत. सिस हाय, सिस हाय. मी इचारलं, सिस म्हंजे काय, तं म्हने गाठ. मंग मी म्हनलं, काढा बाप्पा." ती डॉक्टरकडे नाही, रिपोर्टकडे बघत होती. "एकतीस वर्साची होती मी. एका हप्त्यात काढली. तीन मयने थांब, असं कोनी म्हनलं नाई."

"तेव्हाचं मला माहीत नाही, मावशी. पेपर बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही."

"थ्या सालापासून आंगातून वाफा निघाल्या. कंबर गेली. मी म्हनो, वय झालं आपलं." तिचा आवाज चढला. "एकतिसाव्या वर्सी कोनाचं वय होते का, डॉक्टर?"

डॉक्टरनं बेल दाबली. मायानं संमतीपत्र ओढून घेतलं आणि आपल्या सहीच्या जागी आडवी रेघ मारली, कागद फाटेल इतकी दाबून. "तीन मयन्यानं सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी करीन," ती म्हणाली. नागसेननं कागद हातात घेतला. आपल्या सहीकडे एकदा पाहिलं आणि कागदाचे सरळ दोन तुकडे केले. लाज वाटली त्याला, फार लाज वाटली.

"चाल आई," तो म्हणाला. "तेल्हाऱ्याची गाडी भेटून जाईन, हिवरखेडले उतरू."

ललिताबाई उठली, पण दाराबाहेर पडल्यावर जिन्याकडे वळली नाही. बाहेर तिन्ही बाकांवर बाया बसल्या होत्या. कोणी तिशीतली, कोणी त्याहून लहान. सगळ्यांच्या मांडीवर दवाखान्याच्या पिवळ्या फायली होत्या. त्यांच्यासमोरून चालत ती सरळ काउंटरशी गेली. तिथल्या मुलीनं केसपेपर पुढे ओढला.

"नवीन का जुनी?"

"जुनी."

"नाव?"

"ललिता मोतीराम इंगळे."

"वय?"

"तेपन."

"काय त्रास होतो, मावशी?"

ललिताबाई बोलली ती शेवटच्या बाकावरच्या बाईलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"तरास नाई. बावीस वर्सापयले माही पिशवी तुमी इथं काढून घेतली. पान्याची गाठ होती, जिरली असती. थे पिशवी मले वापस पायजे. लिव."