सरळ हसू

“हसा,” आरसा म्हणाला. दिगंबर टिळेकर हसले आणि हिरवा दिवा लागला.

कुंदाताईंनी मात्र हातातला चहा तसाच खाली ठेवला. त्यांच्या हेलसिंकीच्या घरातल्या, रोज तब्येत तपासणाऱ्या आरशाने त्यांच्या नवऱ्याचं डावीकडे वर जाणारं हसू नेहमीचं म्हणून केव्हाच नोंदवून ठेवलं होतं. लिस्बनला लेकीकडे आल्यापासून इथला आरसा रोज लाल होत होता. या देशात सगळ्यांना एकच नियम होता, हसू वाकडं म्हणजे मेंदूला झटका. चार सकाळी आरशाने बोलावलेली अँब्युलन्स माफी मागून परत पाठवावी लागली होती.

“गार्गी, अँब्युलन्स बोलाव!”

“अगं आई, आज तर हिरवा लागलाय.”

“त्या आरशाला काय कळतंय! चाळीस वर्षांत हा माणूस एकदाही सरळ हसलेला नाही.”

तपासणीत मेंदूत गुठळी सापडली. इंजेक्शनने ती वेळेत विरघळली.

आठवड्याने घरी आल्यावर टिळेकर आरशापुढे उभे राहिले आणि हसले. लाल दिवा लागला, भोंगा कोकलायला लागला. गार्गी तो बंद करायला धावली.

“राहू दे गं,” कुंदाताई डोळे पुसत म्हणाल्या, “वाजू दे जरा.”