जो सुचवेल तो

सॉफ्टवेअर टीमच्या पंधरवड्याच्या आढाव्याला आठही जण हातात पिवळी चिठ्ठी धरून फळ्याकडे बघत बसले होते. उठत कुणीच नव्हतं. 'जो सुधारणा सुचवेल, त्यानेच ती राबवायची' हा नियम भल्याभल्यांना पुरून उरला होता.

वर्षापूर्वी तो मोठ्या हौसेने आणला होता त्यांच्यातल्या शर्वाणीनेच. शेवटी तिनेच उठून फळ्यावर चिठ्ठी चिकटवली: 'हा नियमच काढून टाका.'

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"झकास!" मॅनेजर म्हणाले. "म्हणजे नियम काढायचं काम आता तुझ्याकडे. रोज साडेनऊला मीटिंग लाव, सगळ्यांची मतं घे."

मटकन खाली बसताना तिला शेजारच्याच्या हातातली चिठ्ठी दिसली. त्यानेही तेच लिहिलं होतं. आता तो ती हळूच चुरगाळत होता. पलीकडचाही.