टेबलाखालची जागा

कुकरची शिट्टी झाली तशी वैजयंता आणि ईश्वरी, दोघी मायलेकी झटकन जेवणाच्या टेबलाखाली शिरल्या. सासूबाईंचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून त्या खाटेवरच डोक्यावर उशी घेऊन बसल्या.

वैजयंताचा नवरा, हवालदार हणमंत जगदाळे, लढाईवरून कायमचा घरी आला, पण सैन्यानं कानामागे बसवलेली चिप काही निघाली नाही. धोक्याचा आवाज आला की मनाला कळायच्या आत ती त्याला आडोशाला लोळवायची. घरातले आवाज धोक्याचे नाहीत, हे तिला सवयीनंच कळणार होतं. पहिल्याच दिवशी कुकर वाजला आणि हणमंत टेबलाखाली गेला. लाजेनं तो बाहेर येईना, तेव्हा वैजयंता ताट घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसली. तेव्हापासून घरची ती रीतच पडली.

आज मात्र तो ओट्यापाशी कोथिंबीर निवडत उभाच होता.

"अगं, मी उभा आहे!" तो म्हणाला.

"अहो, खरंच की!" म्हणत वैजयंता उठायला गेली आणि तिचं डोकं टेबलाला आपटलं. तिघीही खो खो हसत सुटल्या.

"पण बाबा, मी तुमची जागा धरून ठेवलीय," ईश्वरी कुरकुरली.

हणमंतनं गॅस बंद केला, भाकरीची दुरडी उचलली आणि पहिल्यांदाच स्वतःच्या मर्जीनं तो टेबलाखाली शिरला.