टोपलीतली कोंबडी

डुकरांच्या मैल्याच्या रिकाम्या टाकीला आतून हिरवं शेवाळ गोधडीसारखं लपेटून होतं. विषारी वायू पिऊन ते झोपलेल्या जनावरासारखं संथ फुगत होतं, आकसत होतं. पास्कू साफसफाईसाठी शिडीकडे निघाला, तशी आईने, फिलोमिनाने, त्याचा हात धरला. त्याचा बाप याच टाकीत उतरून वायूने गुदमरून मेला होता.

“आई, शेवाळाने सगळा वायू प्यायलाय. वास तरी येतोय का?”

“तुझ्या पप्पांनाही वास आला नव्हता. आधी कोंबडी.”

हवा तपासायच्या जुन्या रीतीने तिने कोंबडी टोपलीत घालून खाली सोडली. बऱ्याच वेळाने दोरी ओढली, तर कोंबडी डोळे मिटून निपचित. फिलोमिनाने तिला उचललं, तशी ती चिडून कुरकुरली. तिच्याखाली कोमट अंडं होतं.

फिलोमिनाने ते पास्कूच्या हातात ठेवलं आणि शिडीवर पहिला पाय स्वतःच टाकला.