पाच परस पाणी

"हा नाई. हा पान्यात दगा देईन," म्हणत देवमननं पहिला कॅमेरा काउंटरवर परत ठेवला आणि दुसरा हातात घेतला.

मालेगावच्या त्या फोटोच्या दुकानात लग्नाच्या अल्बमांखेरीज फारसं काही खपत नसे. पाण्यात चालणारे हे दोन कॅमेरे दुकानदार हरीओमनं देवमनच्या भाच्यासाठी, प्रसेनजितसाठी, मुद्दाम अकोल्याहून मागवले होते. दोन्ही मुठीत मावतील एवढेच. एक पाच मीटर पाण्यात जाणारा, दुसरा पंधरा मीटर. भाचा मित्रांबरोबर डोंगर चढायला, नदीत नाव वल्हवायला जाणार, त्यासाठी त्याला कॅमेरा हवा, एवढं देवमनच्या कानावर आलं होतं. मग तो आपणहून निघाला. पाण्याची वस्तू घ्यायची आणि देवमनला विचारायचं नाही? चाळीस वर्षं बुड्या मारून त्यानं विहिरींत पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढल्या होत्या, बादल्या काढल्या होत्या, एकदा तर जितं वासरू काढलं होतं. त्यात डावा कान गेला. प्रसेनजितला पोहायलाही त्यानंच शिकवलं होतं. बाप गेल्यापासून पोरगं मामाच्याच घरी वाढलं.

देवमननं दुसऱ्या कॅमेऱ्याचं झाकण उघडून आतल्या रबरावरून बोट फिरवलं. खटका दोनदा लावून पाहिला. हरीओमकडून पाणी मागून घेतलं, हात भिजवले आणि ओल्या बोटांनी बटणं दाबली. मग कॅमेरा सरळ फरशीवर सोडून दिला.

"ओ बाबा! इकाचा हाय तो!" हरीओम ओरडला.

"इकाचा हाय म्हनून तं पाडून पाह्यला. हा पोरगा डोंगरावरून पाडीन, तवा तू येशीन का भरून द्याले?"

कॅमेऱ्याला ओरखडासुद्धा नव्हता. देवमन खूश झाला. "हाच घे."

"मामा, पाचवालाच बरा हाय," प्रसेनजित म्हणाला. "नदीत इतकं खोल कोन जाते?"

"आपल्या गावच्या विहिरीत पाच परस पानी राह्यते. तुहा पाचवाला दोन परसातच जीव सोडीन."

परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. गावात पाणी अजून त्यानंच मोजतात.

"मले कुठी विहिरीत जायचं हाय?" प्रसेनजित कॅमेऱ्याकडं न बघता म्हणाला. "आयका ना मामा. लहानच घेऊ."

"वस्तू अशी घ्यावं का पानी हारलं पाह्यजे, वस्तू नाई."

पोरगं आणखी दोनदा पाचवाल्यावर अडून बसलं. शेवटी हरीओम कंटाळला आणि पंधरावाल्याचं बिल फाडून त्यानं काउंटरवर ठेवलं. प्रसेनजितनं घाईनं हात पुढं केला, पण बिल देवमनच्या हाती लागलं होतं. पन्नाशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं. अक्षराखाली बोट धरून तो वाचत गेला. नावाच्या जागी लिहिलं होतं, ग्राम पाणीपुरवठा समिती.

"हे काय हाय?"

हरीओमच भोळेपणानं बोलून गेला, "विहिरीतच सोडाले घेऊन राह्यले न बाबा. तळ पाहाले. तुमाले मालूम नाई?"

दर पुसात, म्हणजे पौषात, देवमन गावच्या विहिरीत उतरायचा. सारं गाव काठावर जमायचं. तो तळ शिवून वर यायचा आणि मूठ उघडायचा. मुठीत काळा गाळ निघाला, तर उन्हाळ्यात विहीर उपसायची. मुरूम निघाला, तर तळ साफ. देवमनच्या मुठीवर गावानं कधी दुसरा शब्द काढला नव्हता.

"कोनं ठरवलं?"

"मीटिंगीत ठरलं," प्रसेनजित म्हणाला. "समितीतल्या उज्ज्वलाताई म्हने, तीन वर्सं नुसता मुरूमच निघून राह्यला, मंग होळीपासून विहीर काहून आटते? आपल्या घरच्या गंगूमामीले बी शेतातल्या विहिरीवरून पानी आनाव लागते. एकदा फोटो काढून पाहू, म्हने."

"अन् तू काय म्हनलं?"

"मी गप होतो."

"गप होता!" देवमनचा आवाज चिरकला. "माह्या ताटात जेवला, माह्या पाठीवर बसून पोहनं शिकला. अन् गाव माह्या मुठीवर पहारा बसोते, तवा तू गप? वरून तो पहारेकरी निवडाले मलेच आनलं?"

"मी नोतं आनलं मामा. तुमीच आले."

हे तर खरंच होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. नदी नाही, डोंगर नाही. पोरानं तोंडावर लबाडी केली होती. देवमननं पंधरावाला उचलून हरीओमपुढं आपटला.

"बांध रे. हाच बांध. जाऊ दे तळाले! पाहू दे गावाले!"

बोलून झालं आणि हरीओमनं दिलेलं उरलेलं पाणी त्यानं एका दमात पिऊन टाकलं. प्रसेनजितनं पाचवाल्याकडं एकदा हात नेला, मग मागं घेतला. पैसे दिले. डबा पिशवीत टाकला.

बाहेर मोटारसायकल उभी होती. देवमन तिच्यावर बसला नाही.

"तू जा. मी बसनं येतो. आपल्याच मानसानं गळा कापल्यावर त्याच्या मांगं कायले बसू?"

तो स्टँडकडं चालू लागला. प्रसेनजित मागून आला आणि वळसा घालून त्याच्या उजव्या, ऐकू येणाऱ्या कानाशी उभा राहिला. रस्त्यावर माणसं होती, म्हणून अगदी हळू बोलला.

"मामा, पाचवाला घेतला असता तं त्याले कपारीच्या खालचं काईच दिसलं नसतं."

देवमन थांबला. "कोनती कपार?"

"मांगच्या पुसात तुमचा दम पुरते का नाई, या भेवानं मीबी तुमच्या मांगं बुडी मारली होती. तुमी त्या दोन परसावरच्या कपारीतून मुरूम मुठीत घेतला, मामा, अन् तिथूनच वर फिरले."